आतलं पान अजून ओलं

गिरधर चौधरीला गावात पाठीमागे ‘बांधावरचा बागायतदार’ म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती, कारण गिरधर नाकावर माशी बसू देणारा माणूस नव्हता. पण नाव मात्र अगदी मापात बसलं होतं. रावेरकडच्या त्या पट्ट्यात केळी नाही असं घर नाही, आणि केळीत शिरून चीक लागला नाही असा माणूस नाही. त्या चिकाचा डाग कापडावर पडला की काळा होतो आणि कापड फाटेपर्यंत सोबत करतो. साबण, सोडा, लिंबू, सगळे त्याच्यापुढे हात टेकतात. म्हणून कामाचे कपडे वेगळे आणि मालकाचे कपडे वेगळे. गिरधरचे कपडे मालकाचे. पांढरा पायजमा, पांढरा नेहरू शर्ट, टोपीला कडक इस्त्री. उन्हं वर आली की तो शेतात जाई, बांधावर उभा राही, पहिल्या ओळीतलं एखादं पान दोन बोटांत धरून बघे, मजुरांना चार शब्द सुनावी आणि घरी येऊन सांगे की बाग झकास आहे. सगळी हयात त्यानं अशी बांधावरून शेती केली. तरी ती पिकत आली, हे नवलच म्हणायचं.

मुलगा नेमका उलटा निघाला. योगराज, एकुलता एक. बिनडागाचा शर्ट त्याच्याकडे औषधालासुद्धा नव्हता. एरंडोलला मुलगी बघायला गेला तेव्हा मित्राचा शर्ट घालून गेला. नकार आला. शेतकरी नवरा आजकाल पोरींना नकोच असतो, असं गिरधर म्हणाला. “शर्ट दुसऱ्याचा हे, ते वळखलं तिनं,” असं कुंदाबाई म्हणाली, आणि तिघंही पोट धरधरून हसले होते.

बापलेकाचं भांडण एकच, आणि ते बारमाही चाले. पान किती वेळ ओलं राहतं, यावरून. ऐकणाऱ्याला पोरखेळ वाटेल, पण केळीवरचा करपा रोग पानाच्या ओलीवरच पोसतो. दवाची ओल असो की पावसाची, ती जितकी रेंगाळते तितका तो बळावतो. गिरधर बांधावरचं पान चाचपून म्हणे, “कोरडं ठाक हे. फवारा कायले मारतो?” योगराज कपाळाला हात लावी.

“आबा, हे उन्हातलं पान हे. ऊन बी यालेच, वारं बी यालेच. एकदा मधी शिरून पाहा. वरचं पान सुकून जाते तरी मधलं, खालचं पान दुपारलोक गयत राह्यते. बांधावरून बाग कयत नाही.”

“मले शिकवतो? तुह्या जन्माच्या आधीपासून केयी लावतो मी.”

“लावता हो. पन मधी कधी गेले?”

यावर गिरधर आवाज चढवी.

शेवटी योगराजनं शेतकऱ्यांच्या एका कंपनीकडून यंत्रच आणलं. खांबावर एक डबी आणि तिला वायरीनं जोडलेली दोन पांढरी प्लास्टिकची पानं. एक बांधाजवळ उंच लावलं, वरच्या पानांच्या बरोबरीनं. दुसरं बागेच्या पार मध्यात, खालच्या पानांच्या सावलीत. खरं पान भिजलं की तेही भिजे, आणि दिवसातून दोनदा, न्याहारीच्या वेळी आणि दुपारी, योगराजच्या फोनवर निरोप येई: ‘नमस्कार योगराजभाऊ. वरचं पान कोरडं. आतलं पान अजून ओलं.’ योगराज तो बापाच्या कानाशी जाऊन मोठ्यानं वाची. प्लास्टिकला काय कळतं डोंबल, असं म्हणून गिरधर कूस बदले. कुंदाबाई मात्र पोरासोबत जाऊन ते आतलं पान बघून आली होती. “किती गोरं हे,” म्हणाली होती.

मागच्या वर्षीच्या श्रावणात योगराज संध्याकाळी फोन घरीच चार्जिंगला लावून ठिबकमधून खत सोडायला गेला आणि परत आला नाही. मित्राकडे थांबला असेल म्हणून आईबाप निजले. सकाळी गिरधर आंघोळ करून, कपडे करून शेतात गेला. बांधावर उभं राहून त्यानं हाका मारल्या. ऊन चांगलं वर आलं होतं. वरची पानं कोरडी, चकाकत होती, आणि सगळी बाग शांत होती. आत शिरावं असं त्याच्या मनात आलंच नाही असं नाही. पण अंगावर धुतलेले कपडे होते, आणि आत कोणी असतं तर ओ दिली असती. तो घरी आला आणि म्हणाला, बागेत नाही. मग भुसावळला माणसं धाडली, स्टेशनावर, मित्रांकडे, सगळीकडे. दुपार टळल्यावर सुपडू नावाचा त्यांचा जुना मजूर उगाच म्हणून बागेत शिरला, आणि त्याची हाक रस्त्यापर्यंत ऐकू आली.

योगराज त्या पांढऱ्या पानाखालीच उताणा पडला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पडता क्षणीच गेला असणार, सकाळी सापडला असता तरी काही झालं नसतं. हे गिरधरला डॉक्टरांनी सांगितलं, भावकीनं सांगितलं, दारावर आलेल्या प्रत्येकानं सांगितलं. गिरधरला ते पटलंही होतं. पण बाहेर पायवाटेवरचा चिखलसुद्धा वाळला होता आणि योगराज चिंब भिजलेला होता. केस कपाळाला चिकटलेले. वरच्या पानाच्या देठावरून तेव्हाही त्याच्या तोंडावर थेंब पडत होते. ती ओल कोणी समजावून सांगू शकलं नाही.

कुंदाबाई घरून धावत आली ती हातात टॉवेल आणि धुतलेला शर्ट घेऊन. तिला लोकांनी धरलं. आता हात लावू नका, आधी दवाखान्यात न्यायचंय, म्हणाले. तिथून आणला तो पांढऱ्या कापडात करकचून बांधलेला. उशीर झालाय, सोडू नका, म्हणाले. “एकदा पुसू तं द्या, भिजला हे तो,” एवढंच ती म्हणत राहिली. कोणी वाईट वागलं नाही. सगळ्यांना घाई होती, एवढंच. टॉवेल तिच्या हातातच राहिला, आणि मग घराच्या खुंटीवर राहिला. तिथून तो कोणी काढला नाही.

त्यानंतर कुंदाबाई भिंतीकडे तोंड करून पडली. वाढलं तर दोन घास खाई, नाही वाढलं तर मागत नसे. दिवाळीच्या सुमाराला पहिली बाग कापून झाली आणि बुंध्याशी राखलेली पिलं, म्हणजे नवे कोंब, वर आली. एकेका बुंध्याजवळचं एकेक पिलू योगराजनं स्वतः निवडून ठेवलं होतं, बाकीची काढली होती. ती पिलबाग हीच आता त्याची मागे राहिलेली करणी. गिरधरनं मनाशी धरलं की हिचे घड उतरेपर्यंत हिला आच लागू द्यायची नाही. आणि पोराचा फोन तो आता स्वतःच्या खिशात ठेवी. निरोप अजून योगराजच्याच नावानं येत. जिवंतपणी पोराचं एक अक्षर न ऐकलेला हा माणूस आता त्या फोनच्या शब्दाबाहेर जाईना. रोज दोन्ही वेळेला तो निरोप मोठ्यानं वाची, भिंतीकडे तोंड केलेल्या बायकोला ऐकू जावा म्हणून.

आषाढात पिलबाग डोक्यावर गेली, पाऊस लागला, आणि एका सकाळी त्यानं वाचलं, “नमस्कार योगराजभाऊ. वरचं पान कोरडं. आतलं पान अजून ओलं.”

कुंदाबाईनं कूस वळवली.  दुसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा खाट रिकामी होती. ती शेतातून आली तेव्हा तिचा पदर ओला होता आणि डोळे लाल होते. आल्यावर तिनं चहा केला, स्वतः प्याली आणि त्याला विचारलं, भाकरी टाकू का. गिरधरला रडू आलं. पोरगा गेल्यापासून तिनं पहिल्यांदा आपणहून काही विचारलं होतं.

मग ती रोजच जाऊ लागली. उजाडलं की निघे, परत येई, खाई, शेजारणीशी दोन शब्द बोले, दुपारी पुन्हा एक फेरी मारी. पदर रोज ओला असे, आणि त्याच्या टोकावर चिकाचे काळे डाग वाढत चालले होते. रडत असेल पोराच्या जागेवर बसून, रडू दे, असं गिरधर म्हणे. एकदा ती म्हणाली, “चाला ना तुमी बी.” तो बांधापर्यंत गेला आणि थांबला. आता कपड्यांचा प्रश्न नव्हता. आता पायच पुढे पडत नव्हता. ती एकटीच आत गेली, आणि पानांच्या मागे दिसेनाशी झाली.

फोन मात्र चांगली बातमी देत होता. ‘आतलं पान कोरडं.’ रोज कोरडं. पाऊस झाला तरी सकाळी न्याहारीपर्यंत कोरडं. गिरधरनं फवारे थांबवले. योगराजचं यंत्र सांगतंय ना, मग झालं. चिंधा एकदा म्हणाला, “आबा, बागेत करपा हे. मधी लईच बोकायला हे.” चिंधा हा शेजारच्या शेतातला, योगराजच्या बरोबरीचा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आजीनं दृष्ट लागू नये असं नाव ठेवलेलं, पण अंगानं चांगला पहिलवान. गिरधर त्याच्यावर उखडला. “माह्या पोराचा फोन खोटं बोलतो का? पाह्य, पहिली ओय हिरवीगार हे.” चिंधा बिचारा मान खाली घालून गेला. मेलेल्या मित्राच्या फोनशी कोण वाद घालणार?

भाद्रपद लागला आणि पिवळेपणा पहिल्या ओळीपर्यंत आला. मग मात्र बांधावरूनही दिसलं. पानं काठापासून जळत आली होती, घडांवरच्या फण्या बोटभरही भरल्या नव्हत्या. गिरधरनं कंपनीत फोन करून नको नको ते सुनावलं. दुसऱ्या दिवशी मेघा नावाची मुलगी स्कूटीवर आली. पिंपळनेरची होती, नोकरीला इकडे. ओट्यावर बसून तिनं आपल्या मोबाईलवर यंत्राची सगळी माहिती उघडली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“आबा, यात काहीतरी गडबड आहे. बघा, रात्रभर दोन्ही पानं ओली. मग सकाळी आतलं पान एकाएकी कोरडं होतं, वरच्याच्याही आधी. आणि थोड्या वेळानं परत थोडं थोडं ओलं होतं, दुपारी पुन्हा तसंच. असं कधी होत नाही. आतल्याला ऊन नाही, वारा नाही. ते वरच्याच्या नंतरच सुकणार.”

“मंग यंत्र बिघडलं.”

“नाही. यंत्र चांगलं आहे.” मेघा घोटाळली आणि तिच्या तोंडून घरची बोली निघाली. “आबा, कोनीतरी ते रोज पुसस. दुसरं काही नही शे.”

गिरधरला एका क्षणात सगळं कळलं. ओला पदर, त्याच्यावरचे डाग, रोजच्या फेऱ्या. ती रडायला जात नव्हती. ती पोराला पुसायला जात होती. आणि ज्या पिलांना आच लागू द्यायची नाही म्हणून तो त्या फोनला धरून बसला होता, ती पिलं त्या पुसण्यानंच गेली होती. कुंदाबाई मेघासाठी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं की नाही ते त्याला कळेना.

“मीच पुसतो,” गिरधर म्हणाला.

मेघानं त्याच्याकडे पाहिलं. तिची नजर त्याच्या शर्टावरून, पायजम्यावरून फिरली. पांढरेशुभ्र. कुठे डागाचा टिपूससुद्धा नव्हता. कुंदाबाईनंही तिथेच पाहिलं. मग तिनं आपल्या पदराच्या टोकाकडे पाहिलं, ते मुठीत धरलं आणि चहा मेघाच्या हातात दिला.

“घे माय. गरम हे तोवर पी,” म्हणाली.

मेघा जाताना सांगून गेली की आता पानाला कोणी हात लावू नका, निरोप येईल तसा फवारा मारा, पण हा माल काही भरणार नाही. ती गेल्यावर कुंदाबाई ओट्यावर बसली. गिरधर शेजारी बसला. सांत्वन करायला त्याला कधी आलं नव्हतं. ही कामं घरात योगराज करायचा.

“त्यानं राखलेले पिलं होते,” ती म्हणाली. “माह्या हातानं गेले. पोराची बाग मी खाल्ली.”

“तू कायले? मी पाह्यलं नाही. मी मधी गेलो असतो तं...”

 कोणत्या वेळी आत गेलो असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं शेतात जाणं सोडलं. खाट, भिंत, पुन्हा तेच. आणि आता यंत्र खरं बोलू लागलं. ‘आतलं पान अजून ओलं.’ सकाळी ओलं, दुपारी ओलं. गिरधरला तो निरोप वाचवेना. तो फोन खिशातच दाबून धरी. पण फोन वाजला की खाटेवरून आवाज येई.

“आज बी ओलंच हे का?”

“हो,” तो म्हणे.  सगळी बाग दुपारपर्यंत गळत होती, आणि रोज कोणीतरी योगराजच्या नावानं ते त्याला कळवत होतं.

अशात योगराजच्या तिथीचं पित्तर आलं. वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं, पितरांच्या पंधरवड्यातलं हे त्याचं पहिलंच. त्या दिवशी कुंदाबाई उठली. न्हाली, चुलीला पोतेरं दिलं, आणि कोणाला हात लावू न देता सगळा स्वयंपाक केला. खीर, उडदाचे वडे, गंगाफळाची भाजी, गिलक्याची भजी. भजी योगराजच्या आवडीची, म्हणून घमेलंभर. पित्तर म्हणून बरोबरीचा माणूस जेवायला बसवायचा असतो. चिंधाला सांगितलं होतं. तो आंघोळ करून आला, आणि काखेत केळीची पानं गुंडाळून घेऊन आला. न सांगता आणली होती त्यानं. गिरधरच्या अख्ख्या बागेत ताटाला घेण्याजोगं एक पान उरलं नव्हतं, हे त्याला दिसत होतं. पाच पिढ्यांचं केळीवालं घर, आणि लेकाच्या पित्तराला पान शेजाऱ्याचं. गिरधरनं ती पानं घेतली आणि चिंधाच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला बोललेलं सगळं त्या हातानं परत घेतलं.

चिंधा पाटावर बसला. समोर पान मांडलं. पितरांचा घास विस्तवात टाकायचा, त्या आगारीसाठी निखारे काढले. कुंदाबाईनं पान पुसलं, पुन्हा पुसलं, आणि मग तशीच बसून राहिली.

“वाढ ना,” गिरधर म्हणाला.

“सकाऊन फोन काय बोलला?”

गिरधरनं खिशातला फोन दाबून धरला.

“ओलंच म्हने ना? मंग कसं वाढू?” तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ संपलंय म्हणून सांगावं तसा. “ओल्या आंगानं कसा बशीन तो जेवाले? लहानपनापासून कधी बसू देलं नाही मी त्याले. पावसातून आला तं आधी डोकं पुसायची, मंग ताट. आता ओला हे तो, अन् मी वाढू?”

चिंधानं पाटावर बसल्या बसल्या तोंड दुसरीकडे फिरवलं. गिरधरच्या मनात आलं, दुपारचा निरोप आला की खोटंच वाचावं, कोरडं म्हणावं. तिला कुठे वाचता येतं? पण ती निरोप नाही बघणार. ती त्याचे कपडे बघणार. एकदा ते खोटं तिनं पकडलं होतं.

तो उठला आणि खुंटीवरचा टॉवेल काढला. वर्षभराची धूळ होती त्याच्यावर, ती त्यानं दारात झटकली. “चिंधा, बसून राह्य. मी आलो,” म्हणाला, आणि पित्तर पाटावर बसलेलं टाकून भर कामातून घरधनी बाहेर पडला. असं कधी कोणी करत नाही. गल्लीतल्या बायका बघत राहिल्या.

बांधावर पाय आपोआप थांबला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. पहिल्या ओळीचं पान हाताला लागलं, कोरडं होतं. गिरधरनं डोळे मिटले आणि खांद्यानं पानं बाजूला सारून आत शिरला.

आत वेगळाच मुलूख होता. दोन पावलांत ऊन गेलं, चार पावलांत वारा गेला. हवा ओल्या फडक्यासारखी तोंडाला चिकटत होती. वरून, बाजूनं, सगळीकडून टपटप चाललेली. जळकी पानं खांद्यावर पडत होती, तुटलेल्या देठांचा चीक बाह्यांना लागत होता, पायाखाली चिखल होता. पोरगा सांगत होता ते सगळं खरं होतं. किती वर्षं सांगत होता. “योगा,” गिरधरनं हाक मारली. बांधावरून मारली होती तीच हाक, पण या वेळी चालता चालता मारली. “योगा रे, आलो मी. मधी आलो.” ओ कोण देणार? तरी तो हाका मारतच गेला.

पांढरं पान सापडलं. तळहाताएवढं, खालच्या पानांच्या सावलीत काठीला बांधलेलं. त्याच्यावरून पाण्याचे ओघळ चालले होते. त्याच्याखाली जमीन थोडी दबलेली होती, कुंदाबाई रोज बसायची तिथे. गिरधर त्याच जागी गुडघे टेकून बसला आणि टॉवेलनं पान पुसू लागला. आधी वरून, मग खालून, मग कडा. पोराचं डोकं त्यानं कधी पुसलं नव्हतं, ते काम कुंदाबाईचं. कसं धरायचं तेही त्याला माहीत नव्हतं. फार जोरात पुसतोय असं वाटून त्यानं हात हलका केला.

पुसलं की वरून थेंब पडे. परत पुसलं की परत पडे. दुपारचा निरोप यायचा होता, आणि तोवर ते ओलं होऊन चालणार नव्हतं. मग गिरधर त्याच्यावर वाकला. छत्रीसारखा नाही, कोंबडी पिलावर बसते तसा, दोन्ही हात टेकून, पाठ वर करून. बागेतलं सगळं पाणी त्याच्या पाठीवर, टोपीवर, मानेवर पडत राहिलं. नेहरू शर्ट अंगाला चिकटला. तो हलला नाही. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी तेवढं त्या पानावर पडलं, आणि तेही त्यानं घाईघाईनं पुसून काढलं.

खिशात फोन वाजला.

तो घरी आला तेव्हा चिंधा तसाच पाटावर होता आणि निखाऱ्यांवर राख चढली होती. कुंदाबाईनं दाराकडे पाहिलं. गिरधरच्या टोपीतून पाणी गळत होतं. शर्टावर, पायजम्यावर, गुडघ्यांवर चिखल होता आणि चिकाचे डाग पडले होते, ते आता काळे पडू लागले होते. त्यानं चष्मा पुसला आणि फोन डोळ्यांजवळ धरला.

“नमस्कार योगराजभाऊ,” त्यानं वाचलं. “वरचं पान कोरडं. आतलं पान कोरडं.”

“परत वाचा.”

त्यानं परत वाचलं. 

कुंदाबाई उठली. त्याच्या हातातला ओला टॉवेल तिनं घेतला, पिळला आणि खुंटीवर न टाकता बाहेर उन्हात दोरीवर घातला. आत येऊन पदरानं त्याचं डोकं पुसलं, मान पुसली, कानामागे पुसलं. मग चुलीपुढे बसली, निखारे फुंकून लाल केले आणि चिंधाच्या पानावर आधी भजी वाढली.

“जेव बाबा,” ती म्हणाली. “सावकाश जेव.”